सगुणामावशीच्या खिडकीसमोरचे सात चौकोन

ठाण्याजवळच्या आमच्या दिवा गावात दोन बिल्डिंगींच्या मधून धड मांजर जात नाही. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी, शीला. तोंडाळ आहे, हे आधीच सांगते. लोक नंतर सांगतातच.

गेल्या वर्षी बिल्डिंगला रंग द्यायचं ठरलं. दगडू पेंटरने नेहमीप्रमाणे शेडचे नमुने मागच्या भिंतीवर मारले, पुढची बाजू खराब नको म्हणून. सात रंगांचे सात चौकोन, कोपऱ्यात पेन्सिलने नंबर. पण खालून मान वर करून काय दिसणार, कपाळ? म्हणून मी समोरच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे सगुणामावशी राहते. नमुने बरोबर तिच्या खिडकीसमोर आलेले.

मावशी ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळ्यांतली. नवरा गेल्यावर घर सोडून मुलाकडे आलेली. मुलगा कान्हा म्हणाला, "आल्यापासून आईने खिडकी बंदच ठेवलेली. भिंत बघून काय करू, म्हणायची. जेवणपण कमी केलेलं. आता आठ दिवस झाले, उघडून बसते."

"काय बघता एवढं मावशी?" मी विचारलं.

"ओहोटी," ती म्हणाली. "खालचा करडा तो चिखल. नारिंगी ती सुकत घातलेली करंदी. न् निळी आमची होडी."

मला सात चौकोन आणि सात नंबर दिसले. नंतर कान्हाकडून कळलं, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. म्हटलं, बिचारी, धूसर दिसतं म्हणून फसतेय. पण मला मेलीला चटक लागली. शेड बघायच्या नावाखाली मी रोज जायला लागले.

"आज होडी कुठे?"

"गेली जाळी टाकायला."

मी डोळे ताणून बघायचे. निळा चौकोन जागच्या जागी.

कमिटीने शेवटी बदामी रंग पास केला. त्याच आठवड्यात मीच मागे लागून मावशीचं ऑपरेशन ठरवलं. आणि मग माझ्या लक्षात आलं. पट्टी सुटली की म्हातारीला खाडीच्या जागी पेंटरचे ठिपके दिसणार. त्यापेक्षा काहीच नको. ती ठाण्याला दवाखान्यात असतानाच मी दगडूकडून मागची भिंत बदामी करून घेतली. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलेलं मला.

मावशी घरी आली ती सरळ खिडकीशी गेली. बराच वेळ बघत राहिली.

"खाडी कुठं गेली गो?"

मी सगळं सांगितलं. ते नमुने होते, नंबर होते, तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून...

"मना काय ते कळत नव्हता?" ती शांतपणे म्हणाली. "भिंत मना भिंतच दिसायची. बाकीचा मी घालायची."

तिने दोन्ही हातांनी खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली. मला इतकी लाज वाटली की कान्हाने दिलेला चहा तसाच ठेवून मी उतरले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

सकाळी दगडूला फोन केला. "मागच्या भिंतीला झुला बांध. सातही रंगांचे डबे घे."

"मॅडम, रंग फायनल झालेला ना?"

"नाही झाला. कमिटीला मी बघून घेते."

मी परत तिसऱ्या मजल्यावर गेले, तर मावशी आतल्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. खिडकी मीच उघडली आणि समोर झुल्यावर बसलेल्या दगडूला आठवून आठवून सांगायला लागले.

"अरे, करडा खाली घे. पाणी ओसरल्यावर चिखल वर असतो का?"

दगडूने माझ्याकडे वळून बघितलं, पण घेतला खाली. नारिंगी झाला, बाकीचे झाले. त्याने निळ्यात ब्रश बुडवला. "आणि हा?"

मी त्या मोकळ्या जागेकडे बघितलं.

"थांब जरा," मी म्हटलं. "होडी अजून आली नाही."

मागे खुर्ची सरकली. मावशी येऊन माझ्याशेजारी उभी राहिली आणि तिने खिडकीच्या गजाला हात लावला.

"येल," ती म्हणाली. "भरतीला येल."

दगडू ब्रश धरून तसाच थांबला.