सांगलीत नक्की झालेला ब्रिज

चहा आधी संपवा, मग ऐका. नाहीतर मधेच हसू येईल आणि चहा नाकात जाईल. हसायला माझी हरकत नाही. सगळं गाव हसून झालंय, तुम्हीच का मागं राहायचं?

कुंडलच्या पलीकडं आमची वाडी आहे आणि मी तिथली सरपंच. जागा बायकांसाठी राखीव झाली, घरच्यांनी मला उभं केलं आणि मी निवडून आले. यात फार काही मोठेपणा समजू नका. सरपंच म्हणजे काय, तर ज्याच्या नळाला पाणी येत नाही तो तोंड धुवायच्या आधी आमच्या दारात येतो. तोंड धुवायला पाणीच नसतं, त्याचं तरी काय चुकतं म्हणा.

पण गावाचं खरं दुखणं म्हणजे ओढा. अर्धी वस्ती आणि निम्मी शेती ओढ्यापलीकडं. ओलांडायला नुसती ठेंगणी फरशी टाकलेली, पाऊस झाला की तिच्यावरून पाणी जातं आणि पलीकडची माणसं पलीकडंच राहतात. पोरांची शाळा बुडते, दूध नासतं. मागच्या पावसात जगन्नाथ आण्णांच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तर चार गड्यांनी तिला बाजेवर घालून छातीएवढ्या पाण्यातून अलीकडं आणली. बाई आणि लेक दोघी सुखरूप आहेत, पण ते बघितलेलं कुणी विसरलेलं नाही. हे आण्णा निवडणुकीत माझ्याविरुद्ध होते. त्यांचं पॅनेल पडलं, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. समोर आले की टोपी नीट करत दुसरीकडं बघायचे.

त्या ओढ्यावर पूल व्हावा म्हणून मी सांगलीला बांधकाम खात्याच्या ऑफिसात किती खेटे घातले असतील, विचारू नका. साहेब मीटिंगला गेलेत, साहेब साईटवर गेलेत, साहेब जेवायला गेलेत. एकदा मी विचारलं, साहेब येतात कधी? तर शिपाई म्हणाला, मॅडम, ते मलाच कुणी सांगत नाही.

हे असं चाललेलं असताना माझा दात गेला. वरचा, समोरच्या दाताला लागून असलेला. ऊस सोलत होते दातानं, या वयात. कट्कन आवाज आला, मला वाटलं ऊस मोडला. पुढं तो दात काढावाच लागला.

दात गेल्याचं दुःख नव्हतं. दुःख असं, की त्या फटीतून शिट्टी वाजायला लागली. नुसतं 'सरपंच' म्हटलं तरी वाजायची. शाळेत झेंडावंदनाला मी 'सर्व सन्माननीय सदस्य' एवढंच म्हणाले, तर रांगेतली पोरं ढोपरं धरून हसायला लागली. हेडमास्तर त्यांना रागवायला वळले, ते बराच वेळ पुन्हा माझ्याकडं वळलेच नाहीत. खांदे हलत होते त्यांचे.

मग मी ठरवलं, सांगलीला जाऊन दात बसवायचा. पण गावाला कळू द्यायचं नाही. का? अहो, गावाचा पूल होत नाही आणि सरपंचबाई दात बसवायला निघाल्या, असं कुणीतरी म्हणणारच. ग्रामसेवकाला सांगितलं, सांगलीला काम आहे. आणि आमच्या ह्यांना दम भरला, "मी कशाला गेलीया ते कुणाला सांगायचं न्हाई."

आमचे हे मिलिटरीतून रिटायर झालेले. "ठीक है," म्हणाले. तोफांच्या आवाजानं त्यांचा एक कान गेलाय, म्हणून फोन आला की आधी स्पीकर लावतात. हे मला माहीत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माहीत नसायला काय? तरीपण त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही.

दातांच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, बोलायला गोड. तिनं सगळे प्रकार समजावून सांगितले. एक म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचा. मी स्क्रू ऐकला आणि म्हटलं, पुढचं सांगा. दुसरा, रोज काढायचा आणि घालायचा दात. तो माझ्या सासूबाईंकडं होता, एकदा ताकात सापडला, म्हणून तोही नको. तिसरा ब्रिज. पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात थोडे घासायचे, त्यांच्यावर टोप्या बसवायच्या आणि मधे खोटा दात त्या टोप्यांना जोडूनच यायचा.

"म्हणजे पुलासारखंच," मी म्हणाले.

"अगदी तसंच, मावशी," ती म्हणाली.

भूल दिली, दात घासले, मापं घेतली. "आज तात्पुरता बसवते, पक्का पुढच्या आठवड्यात. आणि पक्का बसला तरी ऊस, चिक्की, असलं कडक काही चावायचं नाही. कायमचं," असं बजावून तिनं मला सोडलं. वरचा ओठ एवढा बधिर झालेला, की तो माझाच आहे का कुणाचा उसना आणलाय, तेच कळेना.

स्टँडवर आले आणि ह्यांना फोन लावला. इथं माझी मती फिरली.

ओठ मिटत नव्हते, त्यामुळं 'ब' निघेना. मी म्हणाले, "फ्रिज करायचं नक्की झालं."

"फ्रिज? घरात हाय की एक," हे म्हणाले.

"फ्रिज न्हवं, फ्रिज."

"अगं, तेच की. दुसरा कशाला?"

शेवटी बोटांनी ओठ एकमेकांवर दाबले आणि भर स्टँडवर ओरडले, "ब्रिज. ब्रिज नक्की झाला. मापं घेतली. दोन्ही बाजू भक्कम हायत, मधलं तेवढं भरायचं. तात्पुरता आजच बसवला, पक्का पुढच्या आठवड्यात."

"शाब्बास," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

आता हे त्या वेळी बसले कुठं होते? तानाजीच्या चहाच्या हॉटेलात. फोन टेबलावर, स्पीकर चालू आणि भोवती निम्मं गाव. तानाजी पुढं मला सांगत होता, किटली हातात तशीच राहिली म्हणे त्याच्या.

त्यानं ह्यांना विचारलं, "फौजी, वहिनी पुलाच्या कामाला गेल्या हुत्या व्हय?"

हे म्हणाले, "सांगायचा हुकूम न्हाई."

झालं. या एका वाक्यानं गावाची खात्री पटली. सरकारी काम, गुप्त काम, मोठं काम. दोघं गडी मोटारसायकलवरून ओढ्यावर जाऊन तात्पुरता पूल बघून आले. काही दिसलं नाही म्हणाले. त्यावर कुणीतरी समजूत काढली, की आज कागदावर बसवला असंल, उद्या खाली उतरवतील.

मला यातलं काही ठाऊक नाही. मी आपली एसटीत ओठावर रुमाल धरून बसलेली. फाट्यावर उतरले तर समोर हलगी वाजतीय. बायका ताटं घेऊन उभ्या. आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून अटेन्शनमध्ये.

मला पहिल्यांदा आला राग. म्हटलं, ह्या माणसानं सांगितलं शेवटी गावाला. आणि मग, खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. मला वाटलं, गावाला आपल्या दाताची एवढी काळजी. आपण उगाच लपवलं. दात बसवून आलेल्या बाईला हलगी लावून कुणी ओवाळतं का, हा साधा विचार माझ्या डोक्यात यायला नको? नाही आला. सरपंच झालं की माणसाला वाटायला लागतं, लोक कशालाही हार घेऊन येतात.

जगन्नाथ आण्णा हार घेऊन पुढं आले. इतक्या दिवसांनी माझ्या तोंडाकडं बघून बोलले, "वहिनी, खरं हाय न्हवं ह्ये?"

"व्हय, आण्णा," मी म्हणाले. रुमाल तोंडावरच.

"पक्का कवा?"

"फुढच्या आठवड्यात."

मागनं कुणीतरी म्हणालं, "सरकार लय सुधारलं गड्या." हलगीच्या आवाजात ते मला धड ऐकू आलं नाही.

"टिकंल न्हवं?" आण्णांनी विचारलं.

"साफ ठेवला तर लय वर्षं टिकतो."

"साफ ठिवायचं आमच्याकडं लागलं. दर शनवारी पोरं लावतो."

हे जरा विचित्र वाटलं मला. माझे दात साफ करायला पोरं कशाला? पण माणूस एवढ्या दिवसांनी बोलतोय, म्हटलं जाऊ दे.

आण्णांचा ऊस सगळा ओढ्यापलीकडं. त्यांनी शेवटी मनातलं विचारलं, "आन् ऊस? ऊस चालंल न्हवं त्याच्यावर?"

"ऊस अजिबात न्हाई," मी म्हणाले. "कायमचा बंद सांगितलाय."

आण्णांचा चेहरा उतरला. "बैलगाडीभर तरी?"

"अवो, एक कांडंसुद्धा न्हाई."

"मग जाणार तरी काय त्याच्यावरनं?"

"भात, आमटी, मऊ चपाती."

हलगी थांबली.

आण्णांनी हार दोन्ही हातात तसाच धरलेला. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमी कशाबद्दल बोलताय?"

"दाताबद्दल. तुमी?"

"ओढ्यावरच्या पुलाबद्दल."

मी रुमाल काढला आणि बोटानं ओठ वर करून दाखवला. दुसरं काय करणार होते? पुढची माणसं वाकून वाकून बघायला लागली. मागच्यांना दिसेना, त्यांना पुढचे सांगत होते, "दात हाय रं. दात."

मी ह्यांच्याकडं बघितलं. "तुमी तरी सांगायचं की."

"हुकूम हुता," हे म्हणाले. अटेन्शन सोडलं नाही.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. ओवाळायला सगळ्यांत पुढं आण्णांची सून उभी होती, एका हातात ताट आणि कडेवर ती लेक, बाजेवरनं आल्यावर जन्मलेली. ताटातली ज्योत वाऱ्यानं विझली, तर तिनं ती परत लावली नाही. मला खरंच वाटलं, उलट्या एसटीनं सांगलीला परत जावं.

आण्णांनी हाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हार माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, "आणलाय तर ऱ्हाऊ द्या. पुढच्या आठवड्यात परत सांगलीला जाणार न्हवं का? मग आमीबी येतो."

आणि आले की हो. टेम्पो भरून आले, पागोट्यांपासून जीन्सपर्यंत. दवाखान्याच्या छोट्या खोलीत बसायला जागा उरली नाही. डॉक्टर बाहेर आली आणि दचकून म्हणाली, "मावशी, हे सगळे पेशंट?"

"न्हाई," आण्णा म्हणाले. "आमी दुसऱ्या ब्रिजचे."

माझा पक्का दात बसला आणि तिथनं आम्ही थेट ऑफिसात. टेम्पोभर माणसं दारात बघितल्यावर साहेब मीटिंगला गेले नाहीत, साईटवर गेले नाहीत, जेवायलाही गेले नाहीत. आण्णांच्या सुनेनं लेकीला त्यांच्या टेबलावर बसवलं आणि ती कशी जन्मली ते सांगितलं. साहेबांनी पाण्याचा ग्लास बाजूला घेतला आणि सगळं ऐकून घेतलं. थोड्याच दिवसांनी त्यांची माणसं टेप घेऊन ओढ्यावर आली आणि मापं घेऊन गेली. खरीखुरी मापं. पूल अजून व्हायचाय, पण आता त्याचा पाठपुरावा मी आणि आण्णा मिळून करतो. दोघांच्या पॅनेलला ते आवडलेलं नाही.

माझा दात मात्र असा बसलाय, की खरे कुठले आणि खोटा कुठला, मलाच आरशात कळत नाही. पण दाखवू कुणाला? त्या दिवशी ग्रामसभेत कुणाच्या तरी बोलण्यावर मी जरा मोकळेपणानं हसले, तर मागनं आवाज आला, "तुमचा झाला, बाई. आमचा कवा?"

तेव्हापासून गावात मी ओठ मिटून फिरते. पोट धरून हसायचं झालं, तर एसटीनं कवठे महांकाळला माहेरी जाते.