अर्धी काच

लाँड्रीतल्या बॉयलरवाल्याला सगळे वाफाळे म्हणत; खरं आडनाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी एक नेम पाळला. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेत पातळी अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही, नाहीतर बॉयलर फुटतो. झोपेतसुद्धा त्यांचा हात झडप शोधायचा, असं बायको सांगे. ती तिथंच इस्त्रीच्या टेबलावर कामाला होती.

पेट्रोलचं इंजिन यायच्या आधी काही वेड्यांनी वाफेवर विमान उडवायचा ध्यास घेतला होता. एखाददुसरं उडालंही. मग जग पुढे गेलं. वाफाळे मात्र त्या मंडळींविषयी सख्ख्या चुलत्यांसारखं बोलत. त्यांनी स्वतःही एक विमान केलं होतं. पितळेचा मुठीएवढा बॉयलर, त्यालाही इवलीशी काच, खाली स्पिरिटचा दिवा, आणि बायकोने विरलेल्या चादरींचे शिवलेले हातभर पंख. अकरा वर्षांत ते लाँड्रीच्या गच्चीवरून बोटभरही वर उठलं नव्हतं.

"आज शेवटचं," ते म्हणाले. "नाही उडालं तर पितळ मोडीत."

"अकरा वर्षं हेच ऐकतेय. मोडीवालाही म्हातारा झाला."

"या खेपेला शब्द देतो."

ती हसली नाही. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

दुपारच्या गच्चीवर चादरींच्या रांगा पांढऱ्या गल्ल्यांसारख्या उभ्या होत्या. वाफाळ्यांनी सवयीने अर्धी काच भरली, दिवा लावला. नाकावरचा पंखा घरघरला, विमान धावपट्टीच्या फळीवरून धावलं आणि टोकाशी थकून बसलं.

बायको दोरीवरच्या चादरी चाचपत होती. "अहो, ओली चादर वाऱ्यावर उडते का कधी? सुकली की चिमट्यासकट पळते."

वाफाळ्यांनी विमान हातावर तोलून पाहिलं. मग म्हणाले, "पाणी कमी करू म्हणतेस?"

"मी चादरीचं बोलले."

त्यांनी पाणी ओतून दिलं. तळाशी जेमतेम चार चमचे ठेवलं. पाणी संपायच्या आधीच दिवा विझावा म्हणून स्पिरिटही थेंबभरच घातलं. काच रिकामी दिसत होती. त्यांना ते बघवेना. त्यांनी मान फिरवली आणि दिवा बायकोने लावला.

विमान धावलं. फळी संपली, आवाज मात्र संपला नाही. मागे वाफेची बारीक रेघ सोडत ते दोन रांगांमधून तरंगत गेलं. इतकं सावकाश, की त्यांना त्याच्या सोबत चालता आलं. वाटेत त्यांचा हात दोनदा झडपेसाठी उठला आणि हवेतच राहिला. दिवा विझला तसं ते शेवटच्या चादरीत अलगद शिरलं, उशीत डोकं खुपसावं तसं.

दोघांनी मिळून ते सोडवलं. पितळ अजून ऊन होतं. वाफाळे डोळे पुसत होते आणि त्यांत वाफ गेली म्हणत होते.

"डावा पंख उसवलाय," बायको म्हणाली. "उद्या पुन्हा उडवायचं तर आत्ताच शिवायला हवा. सुईदोरा आणा."