उत्तरेची भिंत

सरडे पहिल्यांदा पहारेकरी झैदानने पाहिले. हातातली चुन्याची बादली तिथंच टाकून तो धापा टाकत आला.

"अबू-लाकिन, चल लवकर. सात नंबरच्या कोठारावर जिन बसलेत."

हवालदार मुफ्लिहला हे नाव अख्ख्या दारूगोळा कोठाराने ठेवलं होतं. लाकिन म्हणजे 'पण'. 'पण'चा बाप! गाडी भरून झाली, माणसं चढून बसली, की हा पुढे येऊन म्हणणार, "सगळं ठीक आहे, पण..." आणि मग पुन्हा दोर तपासा, चाकं तपासा, माणसं मोजा. लोक तोंडावर हसत, तरी तो चिडायचा नाही. विशीत असताना त्याने मागे न बघताच एका ट्रकवाल्याला हात केला होता, "ये मागे, मोकळं आहे." मोकळं नव्हतं. त्याच्याच गावचा हमूद मागे वाकून बुटाची नाडी बांधत होता. तेव्हापासून 'पण' त्याच्या जिभेवर येऊन बसला होता.

जानेवारीतली सकाळ होती. काळ्या दगडांच्या त्या वाळवंटात रात्री असं गारठलं होतं, की पिंपातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. दहा वाजता तपासणीला बडे साहेब येणार म्हणून आठ-दहा जण कोठारांभोवतीच्या दगडांना चुना फासत होते. सात नंबरजवळ मात्र कोणी नव्हतं. सगळे लांब उभे राहून बघत होते.

भिंतीवर पंधरा-वीस सरडे चिकटले होते. वसंत येईपर्यंत ज्यांनी बिळातून डोकंसुद्धा काढू नये, असे सरडे. एकही हलत नव्हता. पोट भिंतीला घट्ट दाबून, डोळे मिटून पडलेले. खाली पायथ्याशी कोठारावरची दोन भटकी कुत्री भिंतीला पाठ लावून झोपली होती. वारा पडला होता. चुना फासणाऱ्यांपैकी एकजण पुटपुटत कुराणातली आयत म्हणू लागला.

"शैतानाची जागा झालीय ही," झैदान कुजबुजला. "जुनं थडगं असणार खाली."

मुफ्लिहची नजर सरड्यांवर नव्हती, सावलीवर होती. मग तो पुढे गेला. हवेच्या झडपेची जाळी तांबूस-पिवळी पडली होती. त्याने जरा वास घेतला आणि घशात ओरखडा उठला. त्याने भिंतीवर तळवा टेकला. एक सरडा बोटाला लागला, तरी सरकला नाही.

मुफ्लिह वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "ब्रश खाली ठेवा. पळू नका. चालत फाटकाबाहेर जा."

तेवढ्यात कॅप्टन रदवान जीपमधून उतरला. "काय तमाशा आहे? पाहुणे यायला दीड तास उरलाय, आणि दगड अर्धे काळे!"

"सीदी," मुफ्लिह अदबीने म्हणाला, "सातमधली तोफेची दारू तापतेय. जुनी झाली की ती आतल्या आत तापते. सगळ्यांना बाहेर काढा."

"शरद ऋतूत तपासणी झालीय. कागद आहे माझ्याकडे."

"कागद बरोबर असेल, सीदी, पण..."

"झालं! आला तुझा 'पण'!"

मुफ्लिहने आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठाचं मनगट धरलं आणि त्याचा हात भिंतीवर ठेवला. कॅप्टन झटका देऊन सोडवणार होता, पण हात तिथंच राहिला.

"उन्हानं..." तो म्हणाला.

"ही उत्तरेची भिंत आहे, सीदी. हिच्यावर हिवाळाभर ऊन येत नाही."

कॅप्टनने खिशातला फोन काढला, पुन्हा आत ठेवला आणि म्हणाला, "इथून फोन नको. आधी माणसं काढ."

साडेनऊपर्यंत सत्तेचाळीस माणसं टेकडीपलीकडच्या खोलगटात बसली होती. मुफ्लिहने दोनदा मोजली. साहेबांच्या गाड्या वाटेतच थांबवल्या. मग काहीच झालं नाही. दुपारची नमाज झाली. लोकांनी सोबत आणलेली भाकरी नि ऑलिव्ह वाटून खाल्ले.

"चुलीवर मसूर तसाच राहिलाय," स्वयंपाकी कुरकुरला. "पळत जाऊन उतरवतो."

"बस खाली," मुफ्लिह म्हणाला.

"सरड्यांना घाबरून आख्खी छावणी पळाली! गावात तोंड दाखवायची सोय नाही ठेवलीस, अबू-लाकिन."

लोक हसले. कॅप्टन हसला नाही, पण घड्याळ मात्र सारखं बघत होता.

तीनच्या सुमारास दोन्ही कुत्री टेकडीवरून उतरून आली आणि न थांबता माणसांमधून पुढे निघून गेली. पाठोपाठ टेकडीमागे नारिंगी धूर सरळ उभा राहिला. आवाज नव्हता. स्वयंपाकी तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग आकाश पांढरं झालं, पायाखालची जमीन उचलल्यासारखी झाली आणि त्यानंतर कितीतरी वेळ वरून बारीक खडी पडत राहिली.

मुफ्लिहने पुन्हा मोजलं. सत्तेचाळीस.

चौकशी झाली. अहवालातलं सरड्यांचं वाक्य कोणीतरी खोडलं आणि 'तापमानातील फरक लक्षात आल्याने' असं लिहिलं. उरलेल्या कोठारांत नव्याने नमुने घेतले. पाचव्या दिवशी कॅप्टनने मुफ्लिहला आणि झैदानला बोलावून कागद पुढे केला. नऊ नंबरची दारूही खराब निघाली होती. तापायला लागून बराच काळ लोटला असावा, असं तज्ज्ञाचं मत होतं.

झैदानने तो कागद पुन्हा एकदा वाचला. पहारेकऱ्यांची झोपायची खोली नऊ नंबरलाच टेकून बांधलेली होती.

"सीदी, त्या भिंतीकडची खाट मिळावी म्हणून आम्ही भांडायचो," तो म्हणाला. "दोन हिवाळे. फार छान ऊब असायची तिथं. आम्ही म्हणायचो, अल्लाची मेहरबानी."

मुफ्लिहने आपला उजवा तळवा पँटला हळूहळू पुसला. गेल्या वर्षी पाठ धरली होती तेव्हा आठवडाभर ती खाट त्यानेच मागून घेतली होती.