आक्काचं पथ्य आणि शेजारची भांडी

आक्काला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा तिच्या पथ्याची दोन डझन अंडी शेजाऱ्यांनी खाल्ली, आणि वाटली मी.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निपाणीला दिलेली. लढाईचे दिवस होते. उपचारासाठी ती आमच्या शहापूरच्या घरी आली होती. डॉक्टरांनी मला बजावलं, "औषध मी बघतो, जेवण तू बघ. उकळलेलं पाणी, तापवलेलं दूध, घट्ट उकडलेलं अंडं, ताजा मऊ भात. शिळं, कच्चं, उघड्यावरचं काही नको. वजन उतरलं तर पुढचं औषध तिला झेपायचं नाही." आई गेलेली, मी बिनलग्नाचा, काकतीच्या एका स्थळाशी बोलणी चाललेली. माग बंद ठेवून मी चुलीपुढं बसलो.

पण आमची विणकर आळी! आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं कोण येईल? समोरच्या गंगाक्का ताक घेऊन आल्या. मग कुणी चिरलेली पपई आणली, कुणी कालची पुरणपोळी. "घे रं दत्तू, तिच्या तोंडाला चव येईल." नको म्हटलं की वर्षभर अबोला. आक्काला द्यायचं नाही, अन्न टाकायचं नाही, मग राहिलं कोण? मी. (पुरणपोळीला दूध लागतंच. ते आक्काचं.)

बरं, आलेलं भांडं रिकामं परत धाडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. घरात दुसरं होतं काय? कुणाच्या भांड्यात दोन अंडी घातली, कुणाच्या वाटीत मऊ भात.

"दत्तू, माझं अंडं?"

"गंगाक्काच्या भांड्यातनं गेलं."

"आन् दूध?"

"जरा थांब की."

"लई भूक लागलीया रं," आक्का म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.  मला राग आला तो शेजाऱ्यांचाच.

आठवड्यानं दवाखान्यात आक्का तीन रत्तल उतरली. मी तावातावानं आळीची गाऱ्हाणी सुरू केली. डॉक्टरांनी मलाच काट्यावर उभं केलं. मागच्या खेपेला मी हौसेनं चढलो होतो, तो आकडा त्यांनी लिहून ठेवलेला. पाच रत्तल वाढलो होतो.

त्या दिवसापासून आक्का स्वतः दारात बसली. गंगाक्का खीर घेऊन आल्या.

"न्या परत, गंगाक्का. डॉक्टरनं दत्तूला पथ्य लावलंय. दिसंल त्ये खातोय, आवरंनाच झालंय."

"आगं बाई, व्हय?" गंगाक्कांनी माझ्याकडं कणवेनं बघितलं आणि भरलं भांडं परत नेलं. आळीभर बातमी झाली. पुन्हा एक वाटी आली नाही. आक्का माझ्यासमोर बसून अंडी खायची.

पुढच्या खेपेला ती दोन रत्तल चढली आणि डॉक्टरांनी नवं औषध सुरू केलं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? पण त्याच आठवड्यात, माझं जवळजवळ ठरलेलं लग्न मोडून, काकतीच्या पाहुण्यांनी निरोप धाडला, "घर चांगलं, माग चांगला, पोरगाबी बरा. पर असल्या पोटाला आमची पोर किती रांधणार?"