टाच टोचण्याआधी

धुळ्यातल्या एका खासगी प्रसूतिगृहात यशोदाबाई अकरा वर्षं मावशी म्हणून कामाला आहेत. माहेर सोनगीरचं, शाळा चौथीपर्यंत. काम तसं फरशी पुसायचं नि दुपटी बदलायचं. पण बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायचं असलं की नर्स त्यांनाच हाक मारायच्या.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एक बाळ रक्त घेताना रडून रडून निळं पडलेलं त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याची टाच पुन्हा टोचायची होती, तेव्हा ते आईच्या अंगावर पीत होतं. यशोदाबाई म्हणाल्या, ‘‘राहू द्या तसंच.’’ सुई लागली, बाळाने पाय आखडला, एकदा कुंई केलं आणि परत प्यायला लागलं. तेव्हापासून त्या बारकाईने बघू लागल्या. पाच मिनिटं आधी अंगावर घेतलेलं बरं. आई जवळ नसेल तर बाळाला दुपट्यात गुंडाळायचं, एकच पाय बाहेर ठेवायचा आणि एक तळहात डोक्यावर, दुसरा पोटावर धरायचा. औषध नाही, काही नाही.

मेघा सिस्टर पाचोऱ्याहून नवी आली तेव्हा बाळ रडलं की तिचेही डोळे भरायचे. यशोदाबाईंनी तिला जवळ उभं करून दाखवलं. ‘‘लेकरूले आधी छातीले लाव, माय. पेवाले लागनं का मंग टोच.’’ चार वर्षांत मेघा तरबेज झाली. तिच्या लग्नात यशोदाबाईंनी मावशीच्या हक्काने हळद लावली.

गेल्या मार्चमध्ये विधीला मुलगी झाली. विधी एका मारवाडी कापडदुकानदाराची सून. तिसऱ्या दिवशी बाळाची कावीळ तपासायची होती. मेघाने हाक मारली, ‘‘मावशी, या ना. तुमच्याशिवाय हात चालत नाही माझा.’’ यशोदाबाईंनी बाळ विधीच्या छातीशी लावलं, मेघाने टाच टोचली. बाळ रडलंच नाही. नंतर उचलताना त्याने दुधाची गुळणी टाकली, थोडं दूध नाकातून आलं, ठसका लागला आणि लगेच थांबला. पण दारात विधीच्या सासूबाई, राजकुंवरबाई उभ्या होत्या. त्यांनी आरडाओरडा केला. ‘‘दूध पिताना सुई टोचली! गुदमरली असती पोर!’’

मोठे डॉक्टर धावत आले. व्हरांड्यात सगळा स्टाफ जमला.

‘‘कुणी सांगितलं होतं असं करायला?’’ डॉक्टरांनी विचारलं.

यशोदाबाई निर्धास्त होत्या. मेघा शेजारीच होती, ती सांगेल.

‘‘सर, मी नको म्हटलं होतं,’’ मेघा म्हणाली. ‘‘मावशी ऐकतच नाहीत.’’

दुसऱ्या दिवसापासून यशोदाबाईंना मागच्या धुण्याच्या खोलीत पाठवलं. रक्त घेताना आईने बाहेर थांबायचं, असा नियम झाला. भिंतीपलीकडून बाळांचं रडणं ऐकू यायचं. भुकेचं कुठलं आणि सुईचं कुठलं, हे त्यांना बरोबर कळायचं.

एकदा त्यांनी मेघाला जिन्यात गाठलं. ‘‘खोटं काबर बोलनी वं तू?’’

मेघा खाली बघत म्हणाली, ‘‘माझी नोकरी गेली असती मावशी. तुमचं काय, तुम्हाला कुठेही फरशी पुसायला मिळेल.’’

पहिल्या खोट्यापेक्षा हे जास्त लागलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सप्टेंबरात जळगावहून बालरोगतज्ज्ञ बाई प्रशिक्षणाला आल्या. सुई टोचताना बाळाला अंगावर पाजावं, आईच्या उघड्या छातीशी धरावं, गुंडाळावं, असं त्यांनी बाहुली घेऊन समजावलं. मग विचारलं, ‘‘इथे कुणी असं करून पाहिलंय का?’’

मेघाने हात वर केला. ‘‘मी मॅडम. चार वर्षं करत होते.’’

यशोदाबाई चादरींचा गठ्ठा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. खरं काय ते प्रत्येकीला ठाऊक होतं. त्यांच्याबरोबर आठ वर्षं काम केलेल्या ताईबाईने पदर सावरत मान वळवली.

यशोदाबाईंनी गठ्ठा खाली ठेवला आणि त्या पुढे गेल्या. ‘‘मॅडम, तिले मी शिकाडं.’’

मॅडमनी मेघाकडे पाहिलं. मेघाने वहीत मान घातली. मग त्यांनी बाहुली यशोदाबाईंच्या हातात दिली. यशोदाबाईंनी ती गुंडाळली, एक पाय मोकळा ठेवला, डोक्यावर आणि पोटावर तळहात ठेवले. मोठे डॉक्टर मागे उभे राहून बघत होते.

आठवड्याभरात आईने बाहेर थांबायचा नियम गेला आणि यशोदाबाईंना वॉर्डात परत बोलावलं. त्यांनी एकच अट घातली, मेघाबरोबर कामाची पाळी नको. आता त्या सकाळी असतात, मेघा दुपारी. मेघा दोनदा माफी मागायला आली. दोन्ही वेळा यशोदाबाई ‘‘काम शे माले’’ म्हणून निघून गेल्या.

दुपारी मेघा टोचताना बाळ धरायला कुणी हवं, म्हणून दुपारच्या पाळीतल्या ताईबाईला त्यांनी सगळं शिकवलं. शिकवताना कामापुरतं तेवढंच बोलल्या. आता डबा खायला कुणी बोलावलं तरी त्या जात नाहीत, मागच्या पायरीवर एकट्याच बसतात.