वडिलांनाच बोलवायची पद्धत

"सर, आईला बोलवा ना. बाबांना नको."

नववीतली सानिका माझ्यासमोर उभी होती. टेबलावर अकरा स्क्रीनशॉटच्या प्रिंट होत्या.

मी परळच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. मुलांच्या ऑनलाइन भानगडीही माझ्याकडेच येतात. सानिकाने फेक अकाउंट, म्हणजे खोट्या नावाचं खातं काढून वर्गातल्या ऋताला दोन आठवडे मेसेज पाठवले होते. ‘कोणाकडे बघून हसलीस?’ ‘कुठे गेली होतीस, कोणाबरोबर?’ ‘आवाज काढलास तर दात पाडून हातात देईन.’ ऋता शाळेत यायला घाबरत होती. सानिका लॅबमधल्या पीसीवर लॉग-आउट करायला विसरली, म्हणून सापडली.

"चौदा वर्षांच्या मुलीची भाषा आहे का ही?" मी हेडबाईंना विचारलं.

"टीव्हीवरच्या सिरियल बघतात हो सगळ्या. वडिलांना बोलवा. आई आली की नुसती रडत बसते."

आमची पद्धतच ती. शिवाय पोरीला बापाचा धाक आहे, हे मला बरंच वाटलं. मी फोन केला.

दुसऱ्या दिवशी वडील आले. लालबागला राहणारे, बँकेत नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. मागे सानिकाची आई.

"सॉरी सर, आमच्यामुळे तुम्हाला त्रास," म्हणत त्यांनी सगळ्या प्रिंट वाचल्या. मग बायकोकडे वळले. "बघ, तुझी मुलगी."

"अहो, मला खरंच माहीत नव्हतं..."

"आवाज काढलास तर..." ते थांबले. माझ्याकडे बघून हसले.

पुढचे शब्द माझ्या टेबलावरच्या प्रिंटमध्ये होते.

सानिका त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. आणि मी काय केलं? माफीपत्रावर त्यांची सही घेतली आणि तिला त्यांच्याबरोबर घरी पाठवलं.

चार दिवसांनी ती आली ती हाताला प्लास्टर घालून. "जिन्यावरून पडले, सर."

"खरं सांग, बाळा."

तिने सांगितलं, बाबा मारतात. आई मधे पडली की आईला, ही मधे पडली की हिला. कित्येक वर्षं.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. शाळेच्या समुपदेशक बाईंना तिच्याशी बोलायला बसवलं, चाइल्ड हेल्पलाइनला कळवलं, आईला एकटीला बोलावलं. त्या खरंच रडल्या. पण रडून झाल्यावर सगळं लिहून दिलं. आता मायलेकी गिरगावात मामाकडे राहतात. सानिकाने ऋताची माफी मागितली. ऋता अजून तिच्याशी बोलत नाही, आणि तिचं चुकतही नाही.

"ऋताने तुझं काय वाकडं केलं होतं गं?" मी एकदा विचारलं.

"काहीच नाही, सर. पण ते टाइप करताना मला भीती वाटायची नाही. तेवढा वेळच."

मेसेज कोणी पाठवला हे मी अर्ध्या तासात शोधून काढलं होतं. ती वाक्यं तिला कोणी ऐकवली, हे मी विचारलं ते तिचा हात मोडल्यावर.