न घातलेली शाल

निवृत्त झालो, तरी ती केस अजून आठवते आणि आठवली की जेवण जात नाही.

संस्था कोणती, धर्म कोणता, ते विचारू नका. पुण्यातली मोठी धर्मसंस्था आणि तिचं मुलांचं वसतिगृह, एवढं पुरे. खराडीत कँटीनमध्ये काम करणारी, विदर्भातून आलेली एक बाई ठाण्यात आली. वसतिगृहातल्या एका सेवेकऱ्यानं तिच्या मुलावर अत्याचार केले होते.

"मी थोरल्या गुरुजीले तवाच सांगितलं होतं, साहेब. ते म्हणे, बोभाटा नका करू, आम्ही पाहतो."

त्यांनी पाहिलं ते इतकंच, की त्या माणसाला गुपचूप दुसऱ्या शाखेत पाठवलं. तिथेही मुलंच होती. पोक्सोखाली गुन्हा नोंदवून आम्ही त्याला उचललं, तोवर तिथलं एक पोर त्याच्या तावडीत सापडलं होतं.

माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हाच. म्हणून संस्थेचे प्रमुख, थोरले गुरुजी, यांना नोटीस देऊन बोलावलं. ते आले, तर माझेच दोन हवालदार पाया पडले.

"दर्शन उरकलं असेल, तर जबाब घेऊ," मी म्हणालो.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "आम्हाला काही ठाऊक नव्हतं. बदल्या होतच असतात."

त्या संस्थेची एक रीत मला चौकशीत कळली होती. साधा स्वयंपाकी निघाला, तरी गुरुजी स्वतः शाल घालून, नारळ देऊन निरोप देत. या सेवेकऱ्याला मात्र तसा निरोप दिला नव्हता. मी विचारलं, "मग याला शाल का नाही घातलीत?"

"असल्या माणसाला मी शाल घालीन?" ते ताडकन बोलून गेले.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पण 'याच्यासाठी शाल आणू नका' असं त्यांनी कुणाला तरी सांगितलंच असणार. तो व्यवस्थापक निघाला. कारणही त्याला सांगितलं होतं. आठवडाभर त्यानं टाळाटाळ केली, शेवटी दंडाधिकाऱ्यांपुढे खरं सांगितलं. गुरुजींना शिक्षा झाली. कायद्यात होती तेवढीच, थोडकी.

मला वाटायचं, अशा लोकांना पाप कळत नसावं. कळतं हो, चांगलं कळतं. गुरुजींनी शाल जपली, पोरं जपली नाहीत. याची मला आजही चीड येते.

निकालाच्या दिवशी ती बाई कोर्टाबाहेर थांबली होती. म्हणाली, "साहेब, त्या दुसऱ्या पोराची माय कुठं राहते? मले तिची माफी मागाची हाये."

"तुमचा काय दोष?" मी म्हणालो.

"मी गुरुजीचं ऐकून चूप बसली ना."